चुकीमागचे चित्र

प्रोग्रॅमिंग नुकतेच शिकू लागलेला विद्यार्थी जावा भाषेत बँकेचे एक खाते निर्माण करतो, त्यात ५०० रुपये भरतो आणि त्याला ‘अ’ हे नाव देतो. पुढच्या ओळीत तो ‘ब = अ’ असे लिहितो. आता ‘ब’मधून २०० रुपये काढले, तर ‘अ’मध्ये किती उरतील? ‘५००’ असे उत्तर नवशिक्यांकडून हमखास येते. खरे उत्तर ३०० आहे. कारण खाते एकच, नावे तेवढी दोन.

हे उत्तर चुकीचे असले तरी निष्काळजीपणाचे नव्हे. नाव म्हणजे डबा आणि ‘ब = अ’ म्हणजे एका डब्यातील आकड्याची दुसऱ्यात उतरवलेली नक्कल, हे चित्र साध्या आकड्यांच्या बाबतीत त्याला आजवर बिनचूक उपयोगी पडलेले असते. तेच तो ऑब्जेक्टला लावतो. दोष तर्कात नसून चित्रात आहे. ब्रिटिश संशोधक बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की, नवशिक्याला भाषेच्या व्याकरणाबरोबरच तिच्यामागे चालणारे एक कल्पित यंत्रही समजून घ्यावे लागते. ते कोणी समजावून दिले नाही, तर तो स्वतःच्या मनाने एक उभारतो.

जग वस्तूंनीच भरलेले आहे, तेव्हा ऑब्जेक्टवर आधारलेली ही पद्धत सहज उमगावी, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. नॉर्वेतील डाल आणि न्यूगोर यांची ‘सिम्युला’ ही तिची आद्य भाषा प्रत्यक्ष व्यवहारांच्या अनुकरणासाठीच जन्मली, हे खरे. परंतु ओळखीची उपमा वाट दाखवते, तशी चकवतेही. क्लास म्हणजे गणपतीचा साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे मूर्ती, असे सांगितले की दोहोंतील भेद चटकन पटतो. तथापि मूर्ती मूक असते. ऑब्जेक्ट निरोप स्वीकारतो आणि त्यानुसार काम करतो. ‘स्मॉलटॉक’चे जनक ॲलन के यांच्या मनात एकमेकींना निरोप धाडणाऱ्या सजीव पेशींचे चित्र होते, ते याचमुळे.

उदाहरणेही अशीच नकळत शिकवून जातात. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील हॉलंड, ग्रिफिथ्स व वुडमन यांनी १९९७ साली याविषयी सावध केले होते. प्रत्येक क्लासचा एकच ऑब्जेक्ट दाखवला, तर विद्यार्थी दोहोंना एकच मानू लागतो. ऑब्जेक्टमध्ये एकच माहिती ठेवली, तर तो त्याला केवळ त्या माहितीचे वेष्टन वाटतो. उपाय खर्चिक नाही: पहिल्याच तासाला एका क्लासची दोन-तीन खाती उघडावीत, आणि प्रत्येकात शिल्लक, क्रमांक व खातेदार अशा निरनिराळ्या नोंदी असाव्यात.

परंतु ‘क्लासची व्याख्या लिहा’ असे विचारून गुण देणाऱ्या परीक्षेला या चित्राचा पत्ता लागत नाही. व्याख्या पाठ असलेला विद्यार्थीही ५००च म्हणू शकतो, आणि ती चूक पुढे खऱ्या हिशेबात शिरते. आज्ञावली चालवण्यापूर्वी उत्तर काय येईल ते सांग, खाती आणि नावे कागदावर काढून बाणांनी जोडून दाखव, एवढे जरी वर्गात विचारले, तरी मनातले चित्र उजेडात येईल. उत्तर तपासणे हे परीक्षकाचे काम असेल. ते उत्तर ज्या चित्रातून आले, ते तपासणे हेच शिक्षकाचे खरे काम होय.