खापरपणजोबांचं घर : महापाषाणीय कबरीपाशी उभं राहून काय कळतं?

आजचा विषय जरा कोरडा वाटेल असा आहे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर बघायला गेलं, तर तिच्यापाशी उभं राहून आपल्याला नेमकं काय कळू शकतं? आणि काय कळलं असं आपल्याला उगाच वाटतं? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, उत्खनन हा आमचा धंदा नव्हे. पण पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा, हा प्रश्न आमच्याच अंगणातला आहे.

व्याख्यान खापरला आहे, तेव्हा सुरुवात गावाच्या नावापासून करू. या गावाला हे नाव कसं पडलं त्याच्या खोलात शिरायला नको, शब्दाकडे मात्र बघू. खापर म्हणजे फुटलेल्या मडक्याचा तुकडा. पुरातत्त्वाचं निम्मं काम या तुकड्यांवरच चालतं. आणि दुसरा शब्द बघा : खापरपणजोबा. बाप, आजोबा, पणजोबा, आणि त्यांच्या पलीकडचे ते खापरपणजोबा. श्राद्धात पिंड तिघांना असतात : पिता, पितामह, प्रपितामह. चौथा त्या ओळीतून बाहेर पडतो. त्याला आणि त्याच्या वरच्यांना शास्त्रात 'लेपभागी' म्हणतात, म्हणजे पिंड झाल्यावर हाताला जे चिकटून राहतं तेवढ्याचे धनी. आपल्यापैकी किती जणांना खापरपणजोबांचं नाव सांगता येईल? बहुतेकांची आठवण तिथे संपते. मग जे शंभर पिढ्यांपलीकडचे आहेत, ज्यांचं नाव नाही, भाषा ठाऊक नाही, त्यांच्याशी आपलं काही नातं उरतं का? हा प्रश्न बाजूला ठेवू, शेवटी त्याच्याकडे यायचंच आहे.

आता प्रत्यक्ष जागा. महाराष्ट्रात अशा कबरी मुख्यतः विदर्भात आहेत. नागपूरहून काटोलच्या रस्त्याने निघालं की जवळच जुनापाणी लागतं. तिथे सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. शिळावर्तुळ म्हणजे काय? मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत दगडगोट्यांची आणि मातीची भर, आणि त्या भरावाखाली मृताचे अवशेष व त्याच्याबरोबर ठेवलेल्या वस्तू. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली. १९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी त्यातली तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध खणली. पुढे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे काम केलं. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाचा, म्हणजे लोहयुगाचा. काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम, मणी अशा वस्तू मिळाल्या. माहुरझरीला घोड्याचे अवशेष मिळाले, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसह. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

पण 'खोलीची कबर' म्हणावी अशी, म्हणजे उभ्या शिळांच्या भिंती आणि वर आडवी छतशिळा, अशी बघायची असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळ हिरापूरला जावं लागेल. कर्नाटकात ब्रह्मगिरीला अशा पेट्या जमिनीत पुरलेल्या आहेत, आणि एका शिळेला गोल भोक ठेवलेलं असतं. १९४७ साली व्हीलर यांनी त्या खणल्या तेव्हा एकाच पेटीत एकाहून जास्त माणसांची हाडं निघाली. ती हाडं नंतर गोळा करून ठेवलेली होती, असं त्यांचं मत पडलं. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजला तर एकोणीस मीटर लांब बोळ आणि शेवटी खोली, हे सगळं इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचं. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, सूर्य उगवला की दारावरच्या खिडकीतून ऊन सरळ खोलीपर्यंत जातं. ओ'केली या संशोधकाने १९६७ च्या डिसेंबरात तिथे बसून ते पाहिलं.

बरं. आता असं समजा, आपण जुनापाणीच्या एका वर्तुळापाशी उभे आहोत. बरोबरचा माणूस सांगतो, "आत कुऱ्हाड ठेवलेली सापडली, म्हणजे या लोकांचा परलोकावर विश्वास होता." आपण मान डोलावतो. थांबा. हे अनुमान न्यायशास्त्राच्या कसोटीवर लावून बघू.

डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान का चालतं? कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. आता विचारा : जिथे जिथे मृताजवळ वस्तू ठेवतात, तिथे तिथे परलोकावर विश्वास असतोच का? आपल्या घरचंच उदाहरण घ्या. माणूस गेला की तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजल घालतात. घालणाऱ्या मुलाला विचारा, तो म्हणेल, "माझा काही विश्वास नाही हो, पण आईला बरं वाटेल." दुसरा म्हणेल, "सगळे करतात म्हणून." कृती तीच, मनातलं वेगळं. म्हणजे हेतू आहे आणि साध्य नाही, असं होऊ शकतं. याला सव्यभिचार हेतू म्हणतात. कुऱ्हाड ठेवली ती पलीकडे लागेल म्हणून असेल. ती त्याचीच होती, दुसऱ्याने वापरू नये, म्हणूनही असेल. मेलेल्याच्या वस्तूची भीती असेल. किंवा चार गावांत घराण्याचं नाव राहावं, एवढंच असेल. कुऱ्हाड यातलं काहीच बोलत नाही.

मग काय, सगळं अंधारातच? तसंही नाही. आपल्याकडे अर्थापत्ती नावाचं प्रमाण आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, तर तो रात्री जेवत असलाच पाहिजे, कारण त्याशिवाय लठ्ठपणाची संगती लागत नाही. हेच त्या धोंड्यांना लावा. एकेक धोंडा चार-सहा माणसांना हलू नये असा. एका घराच्या बळावर हे वर्तुळ उभं राहणं शक्य नाही. म्हणजे पुष्कळ हात लागले. इतक्या हातांना तितके दिवस कोणीतरी खायला घातलं. कोणीतरी काम वाटून दिलं. घोड्याचे दागिने आणि लोखंडी हत्यारं पुरून टाकली, म्हणजे ती गमावणं परवडत होतं, निदान सोसलं गेलं. आणि मुख्य म्हणजे, एका माणसाचं जाणं ही त्याच्या घरापुरती गोष्ट राहिली नाही, ती सगळ्यांच्या अंगमेहनतीची गोष्ट झाली. एवढं मानल्याशिवाय त्या दगडांची संगती लागत नाही.

ख्रिस्टोफर हॉक्स नावाच्या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९५४ साली हेच शिडीच्या रूपात मांडलं. अवशेषांवरून तंत्र कळणं सोपं, अर्थव्यवस्था त्याहून अवघड, समाजरचना आणखी अवघड, आणि श्रद्धा सर्वांत वरच्या पायरीवर. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो.

एक उदाहरण याहूनही जुनं, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातले लोक लहान मुलांना दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांच्या पावलांचा भाग तोडलेला आढळतो. मृताने उठून चालायला लागू नये म्हणून, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. असू शकेल. पण मूल घरातच पुरलेलं आहे, त्याच्या वर चूल पेटत होती, माणसं झोपत होती, हे तर समोर दिसतं. ते दूर करायचं नव्हतं एवढं समजायला शिडीच्या वरच्या पायरीवर जावं लागत नाही.

आता इकडे या. प्रकाश्याला तापी-गोमाईच्या संगमावर थापर यांनीच १९५५ च्या सुमारास उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. त्याच संगमावर लोक आजही अस्थी घेऊन जातात. आणि सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेत वसावा, गामीत, चौधरी समाजांत मृतांसाठी दगड आणि लाकडी खांब उभे करतात. हकू शहा आणि एबरहार्ड फिशर यांनी १९७३ साली त्यावर पुस्तक केलं. इथे बसलेल्या काही जणांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. त्यांना एक विनंती : जुनापाणीला गेलात तर तुम्हांला जे प्रश्न सुचतील ते आम्हांला सुचणार नाहीत. मात्र तुमची रीत म्हणजे त्यांचीच रीत, असंही कोणाला म्हणू देऊ नका. आजच्या माणसाला तीन हजार वर्षांपूर्वीचा नमुना करून टाकणं, हाही सव्यभिचारच.

शेवटी तो बाजूला ठेवलेला प्रश्न. नाव विसरलेल्या मृतांचं आपण काही लागतो का? याच जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं सरदार सरोवराच्या बुडिताच्या यादीत आली. शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं आणि दुसरीकडे नवीन बांधलं गेलं. देव हलवता येतो, त्याची प्राणप्रतिष्ठा पुन्हा करता येते. पण जिथे बाप पुरला ती जागा कशी हलवायची? जमिनीच्या बदल्यात जमीन मोजता येते. पुरलेल्या माणसाचं माप कुठल्या तक्त्यात लिहायचं? हे धरणाच्या बाजूचं किंवा विरोधाचं भाषण नाही. एवढंच की हिशेबात एक रकाना कमी आहे, आणि तो या दगडांपाशी उभं राहिलं की दिसतो.

विदर्भातल्या वर्तुळांचंही तेच. शेत वाढतं, रस्ता येतो, खडीसाठी धोंडे फुटतात, धनाच्या आशेने कोणी रात्री खणतं. १९५८ चा कायदा आहे, तो संरक्षित जागेपुरता. बाकीच्या वर्तुळांना शेजारच्या माणसाची नजर एवढंच संरक्षण. म्हणून जायचं तर साधे नियम पाळा : छतशिळेवर चढू नका, शेंदूर-गुलाल लावू नका, धोंडा हलवू नका. आणि खापराचा तुकडा दिसला तर तो आहे तिथेच राहू द्या. खिशात घातलात की तो नुसता तुकडा, जागेवर आहे तोवर पुरावा.

त्या माणसांनी आपल्याकडे पिंड मागितलेला नाही. त्यांचं नाव आपल्याला घेता येत नाही. त्यांनी ठेवलं ते तसंच ठेवणं, एवढं मात्र जमतं. लेपभागींना द्यायला आपल्या हाताला चिकटलेलं तेवढंच आहे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.