संगणकातले ठोकळे का लुकलुकतात?

डेन्मार्क देशातले लेगोचे प्लॅस्टिकचे ठोकळे तुम्ही पाहिले असतील. एकावर एक दाबले की घट्ट बसतात. पण ते महाग! संगणकावर मात्र असे ठोकळे फुकट रचता येतात. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी १९९५ साली त्यासाठी एलड्रॉ हा प्रोग्रॅम केला. त्याच पद्धतीचे ठोकळे वापरणारा लिओकॅड हा प्रोग्रॅम आज मोफत मिळतो. मी शाळेत तोच वापरतो.

रचता रचता कधी ठोकळ्यावर लाल-पिवळे पट्टे लुकलुकतात. चित्र फिरवले की पट्टे पळतात! मग काही मुले म्हणतात, "संगणक बिघडला, हात लावू नका." पण संगणक ठीकच असतो. कारण ऐका.

पडदा बारीक ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला संगणक पाहतो, इथे सर्वांत पुढे कोण? जो पुढे त्याचा रंग. रांगेतला पुढचा मुलगा मागच्याला झाकतो ना, तसेच. मी मुद्दाम लाल आणि पिवळा ठोकळा एकाच जागी ठेवून पाहिला. दोघांच्या बाजू अगदी बरोबरीत आल्या. मग हिशेबातल्या इवल्याशा फरकाने एका ठिपक्यात लाल जिंकतो, शेजारच्या ठिपक्यात पिवळा. झाले पट्टे! एक ठोकळा काढला की लुकलुक थांबते. खरे ठोकळे असे करणार नाहीत, कारण एका जागी दोन मावतच नाहीत.

दुसरी गंमत. ठोकळा फार जवळ आणला तर सुरीने कापल्यासारखा दिसतो. ठरावीक अंतराच्या अलीकडचा भाग संगणक काढतच नाही. मागे नेला की पुन्हा अख्खा!

तिसरी गंमत फसवी आहे. समोरून छप्पर खांबावर टेकलेले दिसते. बाजूने पाहावे तर ते मागे, अधांतरी! संगणकातल्या ठोकळ्याला वजन नाही, म्हणून ते पडत नाही. आणि पडदा सपाट, म्हणून पुढचे-मागचे पटकन कळत नाही.

तेव्हा पालकांनो, लुकलुक दिसली तर घाबरू नका. मुलांनो, रचलेले घर चारी बाजूंनी फिरवून पाहा, मगच पक्के म्हणा. पटत नसेल तर एक डोळा मिटा आणि हात लांब करून दोन पेन्सिलींची टोके एकमेकांना टेकवा. पाहा बरे, जमते का!

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी