किलिमांजारोला जाताय? आधी दिवस मोजा

टांझानियातलं किलिमांजारो हे आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर, ५,८९५ मीटरचं. नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही की तांत्रिक गिर्यारोहणाचं प्रशिक्षण लागत नाही. साहजिकच सह्याद्रीत पाय घट्ट झालेल्या ट्रेकर्सना परदेशातल्या पहिल्या मोठ्या मोहिमेसाठी हा डोंगर खुणावतो. पण महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे आणि किलिमांजारोच्या मारांगू वाटेचं प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. सह्याद्रीत कमावलेला दम तिथे उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच राहतं, पण हवा विरळ असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर हे सावरून घेतं. श्वास जलद होतो, मूत्रपिंडं रक्तातला समतोल साधतात. याला दिवस लागतात आणि मॅरेथॉन धावणाऱ्यालाही त्यात सवलत नाही.

म्हणूनच डॉक्टर सांगतात, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता मारांगूचा पाच दिवसांचा कार्यक्रम पाहा. पहिला मुक्काम मंदारा, सुमारे २,७०० मीटर. दुसरा होरोंबो, ३,७०० च्या आसपास. तिसरा किबो, ४,७०० च्या आसपास. आणि त्याच मध्यरात्री उठून माथ्याकडे! रोज दुप्पट उडी. पाच दिवसांचं पॅकेज स्वस्त पडतं, कारण राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसांच्या हिशेबाने लागतं. मात्र ही बचत महागात पडते. याच वाटेवर होरोंबोला एक जादा मुक्काम घेतला तरी फरक पडतो.

माचामे वाटेची सात दिवसांची आखणी त्याहून शहाणी. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे ४,६०० मीटरच्या आसपास चढायचं आणि झोपायला बरांको कॅम्पला ४,००० च्या खाली उतरायचं. शरीराला उंचीची चुणूक मिळते आणि रात्री विश्रांतीही. पुढे करांगाला थांबून मग बराफू.

हान्स मायर या जर्मन भूगोलतज्ज्ञाला १८८७ मध्ये इथून माघार घ्यावी लागली होती. १८८९ मध्ये त्याने वाटेवर शिध्याचे तळ उभारले, म्हणजे एक प्रयत्न फसला तरी खाली न जाता पुन्हा चढता यावं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुडविग पुर्टशेलरसह तो माथ्यावर पोहोचला. तयारीने त्याला वेळ मिळवून दिला.

काळ निवडताना मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस टाळावा. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे महिने बरे. शिखराच्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून रुंद तोंडाची बाटली उलटी करून ठेवतात. बर्फ वरच्या बाजूने धरतो, झाकण मोकळं राहतं. मोबाइलच्या बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग मोशी गावात भाड्याने मिळते. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा. सामान भरताना प्लास्टिकच्या कॅरीबॅग घेऊ नका, टांझानियात २०१९ पासून त्यांवर बंदी आहे.

गाइडशिवाय या डोंगरावर जाता येत नाही. सोबत स्वयंपाकी आणि पोर्टर असतात. पोर्टरच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नसावं, असा तिथला नियम आहे. तो पाळणारी, पोर्टरना पुरेसं वेतन आणि जेवण देणारी कंपनी निवडणं हे ग्राहकाचं कर्तव्यच.

प्रवासविमा घेताना त्यात सहा हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि सुटकेचा खर्च समाविष्ट आहे का, हे कागदावर पाहून घ्या. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ती आधी सांगून. डोकेदुखी, मळमळ लपवू नका, गाइडला लगेच सांगा. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी खाली उतरा.