कुलाब्याचा साग, दिवाडीची शिडे

मुंबईच्या पाण्यात नवी होडी उतरते तेव्हा नाळेवर नारळ फुटतो. १९६४ च्या डिसेंबरात असाच एक नारळ ३२ फुटी सागवानी होडीवर फुटला. गिरगावातून बस धरली तर अर्ध्या-पाऊण तासात पोचावे अशा कुलाब्याच्या एका कार्यशाळेत ती बांधली होती. सुतारांनी लाकूड वाकसाने तासले होते आणि भोके कमानीच्या सामत्याने पाडली होती. मालक पंचविशीतला इंग्रज अधिकारी, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर नोकरीला. नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याने इंग्लंडहून एका होडीचे आराखडे मागवले होते. टपालाने आले भलत्याच, जुन्या घाटाच्या ‘एरिक’ नावाच्या होडीचे. त्याने तीच बांधून घेतली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला म्हणतात ते नाव तिला दिले : सुहैली.

पुढच्या वर्षी भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन तो मुंबईहून निघाला आणि केपटाउनमार्गे इंग्लंडला पोचला. मग १४ जून १९६८ ला फाल्मथ बंदरातून एकटाच, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारायच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत उतरला. नऊ जण निघाले होते. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, परत पोचला तो एकटा सुहैलीवाला. बाकीच्यांपैकी एकानेही शर्यत पुरी केली नाही.

मुंबईकराने याचे नवल मानू नये. इथल्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ साली बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. साग आणि तो जाणणारा हात या शहराला नवे नव्हते.

एकट्याने जाणे वेगळे आणि टोळीने जाणे वेगळे. टोळीची पहिली मोठी जगप्रदक्षिणा-शर्यत, ‘व्हिटब्रेड’, १९७३ मध्ये पोर्ट्समथहून सुटली. सतरा होड्या होत्या, आणि तीन खलाशी समुद्रात गेले. हीच शर्यत पुढे ‘व्होल्वो ओशन रेस’ झाली आणि २००८ च्या डिसेंबरात कोचीला येऊन गेली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९९६ मध्ये ‘क्लिपर’ नावाची आणखी एक शर्यत सुरू केली. सुरुवातीला तिच्यात होडीचा कप्तान तेवढा व्यावसायिक असे. बाकी शिक्षक, डॉक्टर, कारकून, ज्यांनी कधी शीड ओढलेले नाही अशीही माणसे. कुलाब्याच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्यांवर उभे राहून शिकलेला माणूस हजारो सामान्य लोकांना समुद्रावर घेऊन गेला.

प्रदक्षिणा कशाला म्हणायचे याचे हिशेब पक्के आहेत. निघाल्या बंदरालाच परत यायचे. सगळी रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त निदान दोनदा. पनामा किंवा सुएझचा आडमार्ग चालत नाही. अंतर किमान २१,६०० सागरी मैल, म्हणजे विषुववृत्ताचे ३६० अंश गुणिले ६० कला. खरी कसोटी दक्षिणेला ४० अंशांखाली लागते. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाही, त्यामुळे लाटा पृथ्वीभोवती धावतच राहतात. होडी दिवसचे दिवस एका कुशीवर कललेली असते. स्टोव्ह आडव्या दांड्यावर टांगलेला असतो. होडी झुकली तरी तो सपाट राहतो, म्हणून डाळ पातेल्यात राहते. पाळी संपली की ओला अंगरखा उतरवून झोळीवजा बिछान्यात शिरायचे, कमरेला पट्टा बांधायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुढच्या पाळीची हाक. सहा माणसे, एक खोली, महिनेच्या महिने. तिथे रुसून बसायला जागा नसते.

शिडाच्या होडीतून जगाला पहिली भारतीय फेरी घातली ती लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या टोळीने. त्यांची ‘तृष्णा’ सप्टेंबर १९८५ मध्ये मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ ला मुंबईलाच परतली. होडी मात्र विकत आणलेली, परदेशी बांधणीची.

आपल्या हाताने बांधलेल्या होडीतून आपल्या माणसाने जावे, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ नौकेचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी, पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त. आणि त्यानंतर मुक्काम समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी. तिथून त्यांनी नौदलामागे लकडा लावला. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते पाणबुडे अधिकारी. इंग्लंडला जाऊन ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे कामाला राहिले, त्यांच्या होडीची तयारी करता करता शिकले. होडी बांधायचे काम घेतले रत्नाकर दांडेकर यांनी, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जायच्या दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस कारखान्यात. अशी महासागरी शिडाची होडी दांडेकरांनी त्याआधी बांधलेली नव्हती. आराखडा डच, लाकडी गाभ्यावर काचतंतूचे थर, लांबी ५६ फूट. मांडवी नदीच्या मूळ नावावरून तिचे नाव ‘म्हादेई’.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. चार बंदरे घेऊन, नऊ महिन्यांनी, १९ मे २०१० ला मुंबईत परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच म्हादेईतून नौदलाचेच अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला गेटवेसमोरून सुटले आणि कुठेही न थांबता १५१ दिवसांत ३१ मार्च २०१३ ला परतले. कारखान्याच्या पहिल्याच महासागरी शिडाच्या होडीने दोन प्रदक्षिणा पचवल्या. दांडेकरांच्या कामाला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ही दिवाडीचीच. १० सप्टेंबर २०१७ ला ती गोव्याहून निघाली तेव्हा तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या, कप्तान वर्तिका जोशी. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता बरोबर. फ्रीमँटल, लिटलटन, मग पॅसिफिकची वादळे झेलून जानेवारीत केप हॉर्नला वळसा, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा बिघडली, म्हणून मॉरिशसला थांबावे लागले. सुकाणू दुरुस्त करून २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. एकूण २५४ दिवस. ही शर्यत नव्हती, पलीकडच्या होडीवर प्रतिस्पर्धी नव्हता. पण लाटा त्याच होत्या, आणि टोळीने एकमेकींच्या भरवशावर झोपायचे असते तेही तेच. आवटी हे पाहायला होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विंचुर्णीला त्यांचे निधन झाले.

वर्तुळ आणखी एकदा जुळले. २०१८ मध्ये पुन्हा भरलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी दांडेकरांनी सुहैलीचीच प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’, आणि टॉमी तिच्यातून उतरले. हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, फ्रेंच नौकेने त्यांना उचलले. २०२३ मध्ये तेच टॉमी दुसऱ्या होडीतून पुढच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले.

आणि ११ सप्टेंबर २०२५ ला गेटवेवरून ‘त्रिवेणी’ जगप्रदक्षिणेला निघाली. तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकारी, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांचे.

या सगळ्यांची नावे लिहून ठेवली गेली. सुहैली ज्यांनी तासली त्या कुलाब्याच्या सुतारांची मात्र आपल्याकडे कुणाच्या तोंडी नाहीत. साठ वर्षे झाली. मुले-नातवंडे याच शहरात कुठेतरी असतील. कुलाब्यात, माझगावात, गिरगावच्या एखाद्या चाळीत कुणा आजोबांनी ‘इंग्रजाची होडी’ बांधल्याची गोष्ट घरात सांगितली जात असेल, किंवा माळ्यावर जुना वाकस पडला असेल, तर ती गोष्ट नावानिशी लिहून ठेवा.