पैठण ते टोका : हरणाच्या मागावर, पाण्यावाटे

हरणाच्या शिकारीची जी गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, ती गोदाकाठची आहे. सोनेरी कातडीचा मृग, त्याच्या मागे निघालेला राम आणि बाण लागताच मूळ रूपात कोसळलेला मारीच. पंचवटी नाशिकची, पण मृग पडला कुठे असं विचारलं तर कायगाव टोका परिसरातली जुनी माणसं प्रवरा आणि गोदावरीच्या संगमाकडे बोट दाखवतात. तिथून खाली पैठणला या, तर सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती भेटते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहात राजवाड्यांपेक्षा गावं-शिवारं जास्त आहेत. त्यात व्याध आहे, त्याची बायको आहे, त्याचं धनुष्य आहे आणि बाणाच्या टप्प्यात आलेली हरणांची जोडीही आहे. म्हणजे टोक्यापासून पैठणपर्यंतचा हा पट्टा शिकारीच्या कथांनी दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे.

मधली नदी मात्र आज नदी राहिलेली नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. २७ दरवाज्यांच्या त्या भिंतीमागे सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत रुंद असा नाथसागर पसरला. संभाजीनगर-पैठण रस्त्याच्या साधारण मध्यावर असलेलं बिडकीन पाण्यापासून आत आहे. पण ढोरकीन ओलांडून पुढे गेलं, की सगळा मुलूख धरणाच्या हिशेबानं जगताना दिसतो. उसाचे फड, मोसंबीच्या बागा, शेतातून गेलेल्या पाइपलाइनी, सगळं त्या पाण्यावर.

या पाण्यावरून होडीनं, मुक्काम करत, हरणांच्या मागावर जायचं ठरवलं तर? हा प्रश्न काही हवेतला नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला दहा लाख एकरांहून मोठं सरकारी रानपाणी केवळ वल्ह्याच्या होड्यांसाठी राखल्यासारखं आहे. शरद ऋतूत माणसं तिथे तंबू, शिधा आणि बंदूक होडीत घालून काही दिवसांसाठी आत शिरतात. दोन तळ्यांमध्ये जमीन लागली की होडी खांद्यावर घेऊन चालतात. हरीण मिळालं तर मांस पाण्यावाटेच बाहेर आणतात, कारण एवढं वजन रानातून पाठीवर आणणं कठीण. जमीन कुणा एकाच्या मालकीची नाही, पण परवाना, हंगाम आणि मारायच्या जनावरांची संख्या ठरलेली असते. १९३७च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा तिथे वन्यजीवांच्या कामाला लावला. विसाव्या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या आसपास उरलेली तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं आज तीन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज सांगतात. त्या देशात ही व्यवस्था चालली, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे ती का चालली नाही, याचं उत्तर आपल्या शिकारीच्या इतिहासात आहे. आपल्याकडे शिकार कधी सगळ्यांची नव्हती. एक शिकार मानाची होती, दुसरी गुन्ह्याची.

मानाची शिकार म्हणजे राजांची, जहागीरदारांची, साहेबांची. ऐन-इ-अकबरीत काळवीट पकडायच्या तऱ्हा दिल्या आहेत. त्यातल्या एकीत शिकवलेल्या नराच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानातल्या नरासमोर सोडत. दोघे भिडले की रानातला अडकत असे. चित्ते पाळून हरणांवर सोडायची चाल तर कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत टिकली. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. बैलगाडीवर डोळे झाकून बसवलेला चित्ता, झापड काढताच त्यानं घेतलेली धाव आणि एका मिनिटाच्या आत लागलेला निकाल. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात देशातले अखेरचे मानले जाणारे तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून संपल्याचं जाहीर झालं. काळविटाला वेगात गाठणारा एकमेव शत्रू गेला. त्याच सुमाराला जीपगाड्या आणि झोतदिवे आले. रात्री दिव्याच्या झोतात हरीण थिजून उभं राहतं. मग नेम धरायचीही फारशी गरज उरत नाही. फाळणीनंतरच्या दोन दशकांत मोकळ्या माळांवरचे कळप असे संपले.

गुन्ह्याची शिकार फासेपारध्यांची. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात फासे लावणारे पारधी आणि चित्त्यानं शिकार करणारे पारधी यांची वेगवेगळी नोंद आहे. पारध्याचा फासा बघण्यासारखा असे. जनावरांच्या स्नायूंच्या चिवट दोरीचे गळफास एका लांब दोरावर ओळीनं बांधायचे, दोर खुंट्यांनी जमिनीलगत ताणायचा आणि मग शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशानं कळपाला अगदी सावकाश, न बिथरवता, त्या बाजूला वळवायचं. त्यासाठी वाऱ्याची दिशा, कळपातली पुढची मादी कोणती, ती कुठे वळेल, हे आधी ओळखावं लागे. ज्यांच्याकडे हे ज्ञान होतं, त्यांना इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण पोलिसांच्या आणि गावांच्या मनातून तो शिक्का आजही पुरता गेलेला नाही. राजानं चित्ता सोडला तर तसबीर लागायची आणि पारध्यानं फासा टाकला तर बेडी पडायची; हरीण दोन्हीकडे तेच होतं. शिकारीचा इतिहास लिहिताना आपण हा भाग गाळतो, आणि म्हणून तो अपुरा राहतो.

१९५१च्या मुंबई राज्याच्या कायद्यात शिकारीचे परवाने होते, बंद हंगाम होते. कागदावर ती व्यवस्था अमेरिकेच्या व्यवस्थेहून फार वेगळी नव्हती. पण माळ उघडे, पहारा तोकडा आणि परवानेवाला वजनदार; कळप काही वाचले नाहीत. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचा मसुदा करणाऱ्यांत अग्रणी असलेले एम. के. रणजितसिंह हेच काळविटाचे अभ्यासकही होते, आणि काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसलं. आज काळवीट मारणं, फासा लावणं, विष घालणं, नुसता तसा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच आहे आणि त्याला किमान तीन वर्षं तुरुंग आहे. नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. तिथे परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊल टाकणंही गुन्हा. महाराष्ट्रात पिकं नासवणाऱ्या रोही आणि रानडुकरांची पारध करायला वनखातं परवानगी देतं. हरणाला ती तरतूद लागू नाही.

याच काळविटाची एक वेगळी कहाणी टेक्सासात चालू आहे. १९३०च्या दशकात तिथे नेलेली काळविटं खासगी कुरणांवर वाढली आणि आज पैसे भरून त्यांची शिकार होते. पाकिस्तानातून हा प्राणी नाहीसा झाल्यावर बहावलपूरजवळच्या लाल सुहांराला १९७०च्या सुमारास काळविटं परत आणली गेली ती टेक्सासातूनच. ज्यांना वाटतं की बंदूक आणि संवर्धन एकत्र नांदतं, ते हे उदाहरण देतात. माझं म्हणणं असं, की टेक्सासात काळवीट वाचलं ते बंदुकीमुळे नाही, त्याला हजारो एकर सलग गवत मिळालं म्हणून. आपल्याकडे शिकारबंदी आली, पण गवत गेलं.

वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांत हरणांचे कळप आहेत. पण त्यांची राहायची जागा म्हणजे गायरान, माळ, पडीक आणि आता पिकांची शेतं. हरभरा वीतभर वर आला की पहाटे कळप शिरतो. शेंडे खुडलेले असतात, ओळीत चालत गेल्यासारखे. काळ्या पाठीचा, पिळाच्या शिंगांचा नर मात्र बांधाशेजारच्या आपल्या ठरलेल्या जागेवर लेंड्यांचा ढीग वाढवत उभा असतो. ती त्याच्या हद्दीची खूण. डोळ्याखालच्या ग्रंथीचा काळा चिकट स्राव तो काटेरी फांदीला पुसतो. हे बघायला सुंदर आहे. पण ज्याचं एकरभर रान गेलं त्याच्यासाठी ते सुंदर नसतं, आणि त्याचा राग खोटा नाही. भरपाईच्या यादीत हरीण आहे. अर्ज, पंचनामा, फोटो आणि मग वाट पाहणं. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधातली हरणं कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, मोकाट कुत्री पाडसं तोडतात, रुंद झालेल्या रस्त्यांवर ती गाड्यांखाली येतात. बंदुकीनं मरणाऱ्या हरणापेक्षा या मार्गानं मरणारं हरीण आज इथल्या माणसाला जास्त दिसतं.

बिडकीनला हे जमिनीचं गणित उघड्यावर दिसतं. औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत इथे सुमारे ७,८५५ एकरांचं क्षेत्र विकसित झालं आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं लोकार्पण झालं. मोठे वाहन कारखाने येत आहेत, पोरांना गावाजवळ काम मिळेल, आणि ते मिळायलाच हवं. पण एवढी सलग मोकळी जमीन कुंपणात गेली की आजूबाजूच्या गायरानाची किंमत वाढते, दोन्ही अर्थांनी. गायरानावर दावा सांगणारेही अनेक. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी आणि भटक्यांनी गायरानं कसून पोट भरलं, ॲड. एकनाथ आवाडांची चळवळ त्याच हक्कासाठी होती आणि १९९१च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. हरणासाठी म्हणून त्या माणसांना उठवा, असं सांगणारं संवर्धन मला नको आहे.

म्हणून मी पाण्याकडे वळतो. नाथसागराचं पाणी उतरू लागलं की उथळ काठाची मैलोगणती जमीन उघडी पडते. काळा ओला गाळ, त्यावर कोवळं गवत. ही गाळपेर जमीन. ती सरकारची, भाडेपट्ट्यानं कसायला दिली जाते. २०१८च्या दुष्काळात तर चारापिकांसाठी ती एक रुपया नाममात्र भाड्यानं द्यायचा निर्णय झाला होता. आपल्याकडचं खरं सार्वजनिक रान हेच: दरवर्षी काही महिने पाण्याखाली जाणारं आणि दरवर्षी नवं होऊन वर येणारं.

तेव्हा बेत असा. वेळ फेब्रुवारीतली, पाणी उतरलेलं, थंडी सरलेली, ऊन अजून सोसण्यासारखं. होडीतून फिरायला वनखात्याच्या वन्यजीव विभागाची परवानगी आधी घ्यायची. कायद्यात छायाचित्रण, अभ्यास आणि पर्यटन यांसाठी ती तरतूद आहे. बंदूक नाही. दुर्बीण, वही, पिण्याचं पाणी, भाकरी-ठेचा आणि प्रत्येकाच्या अंगावर तरंगतं जाकीट. ही शेवटची गोष्ट मी अट म्हणून सांगतो. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं शाळेसाठी हेच पाणी थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, काठ्यांनी वल्हवत ओलांडत होती. २०२३ मध्ये त्याच्या बातम्या आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची दखल घेतली. ज्या पाण्यावर मुलांना असं जावं लागतं, तिथे हौसेनं जाणाऱ्यानं धोका हलका मानू नये. नाथसागर उथळ आणि उघडा आहे, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून वल्हवायचं ते पहाटे, आणि ऊन चढायच्या आत काठ गाठायचा. मुक्काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर, काठच्या गावांत, तिथल्या माणसांच्या ओसरीवर. नावाडी इथलाच भोई किंवा कहार समाजातला घ्यायचा, ज्याला गाळात बुडालेली जुनी झाडं आणि पडक्या देवळांचे चौथरे पाण्याखाली कुठे आहेत ते ठाऊक असतं. आणि काठावर उतरल्यावर माग काढायला फासेपारध्यांपैकी कुणी जाणता, कामाच्या पूर्ण मजुरीवर. ओल्या गाळात काळविटाच्या टोकदार खुरांची जोडी आणि लांडग्याचा पंजा वाचायला त्याच्याइतकं चांगलं क्वचितच कुणाला येतं.

हा प्रवास नुसता बघायचा नसावा. कळप कुठे दिसला, गाळपेरीच्या कोणत्या भागात उतरला, काठावर कुंपण कुठे आहे, विहीर कुठे उघडी आहे, हे दर फेब्रुवारीला एकाच वाटेनं जाऊन टिपलं तर चार-पाच वर्षांत पैठण-टोका पट्ट्याचा हरणांचा नकाशा तयार होईल. राज्यात याचे दाखले आहेत. कर्जतजवळचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. येवल्याजवळच्या ममदापूर-राजापूरला त्याहून कितीतरी मोठं, ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं आहे.

नाथसागराला तेवढंही लागणार नाही. गाळपेरीचे पट्टे वाटताना काठालगतची एक पट्टी चराईसाठी आणि हरणांसाठी बिननांगरट ठेवायची, ती कोणत्या गावाच्या शिवारात हे त्या नकाशावरून ठरवायचं, आणि त्याबदल्यात लगतच्या शेतकऱ्याला भरपाई पंचनाम्याच्या फेऱ्यांशिवाय द्यायची. पट्टे जलसंपदा खातं देतं, हद्द वनखातं सांभाळतं आणि गायरान ग्रामपंचायतीकडे असतं. पाणी उतरून पट्ट्यांचं वाटप सुरू होण्याआधी या तिघांना एका बैठकीत बसवणं हे यंदाच्या बेतातलं पहिलं काम. होडी त्यानंतर पाण्यात.