रक्तदाब उतरला, पण हृदयाचं काय?

दादरच्या औषधाच्या दुकानातून ‘बीपीची गोळी’ म्हणून जी पट्टी आपण आणतो, तिच्या एकेका गोळीत अनेकदा दोन औषधं असतात. एकाने भागलं नाही म्हणून दुसरं घातलं, असं आपण धरून चालतो. पण पहिल्या औषधावर शरीर उलटून जे करतं, ते आवरायला बऱ्याचदा दुसरं लागतं.

अशा जोडीची एक गोष्ट दादरच्या शेजारीच सुरू होते. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं झालं.

रेसर्पिनची जोडी जमली हायड्रॅलझिनशी. हायड्रॅलझिन धमन्या सैल करतं, दाब उतरतो. पण शरीराला हे संकट वाटतं. चेतासंस्था हृदयाला पळवते, मूत्रपिंडं दाब वाढवणारी साखळी सुरू करणारं रेनिन सोडतात, मीठ-पाणी धरून ठेवतात. चेतातंतूंतला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिता करून रेसर्पिन ती धावपळ थोपवतं. लघवी वाढवणारं थायाझाइड मीठ बाहेर काढतं. याच त्रिकुटाने अमेरिकेत १९६७ साली १४३ रुग्णांच्या गाजलेल्या चाचणीत जीव वाचवता येतात हे दाखवलं.

मात्र दाब उतरला की हृदय सावरलं, असं नाही. हे उंदरांनी शिकवलं. क्योटोच्या ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३मध्ये जन्मतःच रक्तदाबाकडे झुकणाऱ्या उंदरांची जात तयार केली. पुढे १९७४च्या सुमारास क्लीव्हलँडच्या संशोधकांना या उंदरांत विलक्षण गोष्ट दिसली: चेतासंस्था शांत करणाऱ्या मिथिलडोपाने दाबासोबत जाडावलेलं हृदयही आटोक्यात आलं, हायड्रॅलझिनने दाब उतरवला, हृदय मात्र जाडच राहिलं. हायड्रॅलझिनने चेतलेल्या चेतासंस्थेकडे तेव्हापासून बोट दाखवलं जातं. दाबाच्या आकड्यात हा फरक कधी उमटला नसता; त्यासाठी हृदयाचं वजनच करावं लागलं.

आणि दोन औषधं एकाच साखळीवर घाव घालणारी असतील तर? रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही रेनिनच्याच साखळीवर चालतात. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ती एकत्र दिली, तेव्हा दाब थोडा अधिक उतरला, पण हृदयविकार आणि पक्षाघातापासून जास्तीचं संरक्षण मिळालं नाही. मूत्रपिंडांच्या तक्रारी मात्र वाढल्या.