कोलमचे व्याकरण

पहाटे उंबऱ्यापुढील जागा झाडून, सडा घालून, तांदळाच्या पिठीने जी आकृती रेखाटली जाते तिला तमिळनाडूत कोलम म्हणतात. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीशी तिचे जवळचे नाते आहे. चिमटीतून पिठी सोडीत प्रथम ठिपके मांडले जातात. नंतर रेषा त्या ठिपक्यांना वळसे घालीत जाते आणि जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. काही आकृत्यांना अशी एकच बंद रेषा पुरते, काहींना अनेक लागतात. ही विद्या आईकडून मुलीकडे येते. तिचे सूत्र कोणी पाठ करून घेत नाही, तरीही पाच ओळींचा कोलम शिकलेली मुलगी सणाच्या दिवशी तोच कोलम सात किंवा नऊ ओळींचा करू शकते. म्हणजे आकृतीबरोबरच ती घडविण्याचा नियमही तिला अवगत झालेला असतो.

हा नियम नेमका काय असतो, हा प्रश्न १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मद्रासनजीक तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात काम करणाऱ्या अभ्यासकांनी विचारला. गिफ्ट सिरोमनी हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, तर त्यांच्या पत्नी राणी सिरोमनी (१९२९–२०१९) या गणितज्ञ. कमला कृत्तिवासन यांच्यासह या दोघांनी १९७२ पासून चित्रांच्या व्याकरणाविषयी निबंध प्रसिद्ध केले. त्यांपैकी १९७४ च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘कोलम’ हा शब्द होता.

संगणकशास्त्र म्हणजे यंत्र चालविण्याची विद्या, असा समज या विषयाला प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या घरी आजही आढळतो, आणि पुष्कळ विद्यार्थी त्याच अपेक्षेने पहिल्या वर्गात येऊन बसतात. या समजाला कारण आहे. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७३ साली आयबीएम ३७०/१५५ हा संगणक आला. त्या काळच्या अशा मोठ्या यंत्रांवर काम करायचे म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा आत द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा पुन्हा रांगेत जाई. वातानुकूलित खोलीतील त्या यंत्राचा दबदबा एवढा, की विषय आणि यंत्र यांत लोकांनी भेद केला नाही, यात नवल नाही. तांबरमच्या कामाला मात्र कागद, पेन्सिल आणि कोलम काढणाऱ्या स्त्रिया पुरेशा होत्या.

व्याकरण हा शब्द येथे विशिष्ट अर्थाने योजला आहे. मोजक्या नियमांपासून अमर्याद वाक्ये निर्माण करावयाची, ही कल्पना पाणिनीच्या वाचकांस अपरिचित नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५० च्या दशकात तिला गणिती रूप दिले. तथापि वाक्य ही एका ओळीत मांडलेली शब्दांची माळ असते आणि चित्र दोन दिशांना पसरते. तेथे माळेचे नियम थेट लागू पडत नाहीत.

एक साधे उदाहरण घेऊ. शिरोरेषा काढून तिच्या बरोबर मध्यातून एक उभी रेघ खाली सोडली आहे. आकृती कितीही लहान वा मोठी असो, अट एवढीच, की डावा व उजवा हात सारखा असावा. चौकटींच्या कागदावर काही चौकटी भरून ती मांडता येते. व्याकरणाच्या पहिल्या टप्प्यात केवळ वरची ओळ तयार होते. नियम दोनच: मध्याच्या दोन्ही अंगांस एकेक ‘बाजू’ वाढवावी, अथवा मध्यस्थानी ‘खांब’ ठेवून थांबावे. पहिला नियम तीनदा लावून थांबले, की तीन बाजू, एक खांब, तीन बाजू अशी सात पदांची ओळ मिळते. दुसऱ्या टप्प्यात सातही पदांखालील स्तंभ एकदमच खाली वाढू लागतात. ‘बाजू’ पहिली चौकट भरून पुढच्या सर्व रिकाम्या सोडते, ‘खांब’ सगळ्याच भरतो. स्तंभ थांबतात तेही एकदमच, त्यामुळे तळ वेडावाकडा होत नाही. या मूठभर नियमांत तशा प्रकारच्या सर्व आकृत्या सामावल्या आहेत.

आता वरच्या ओळीतील पदे एकामागून एक वाचीत जाणारे, ठरावीकच स्मरणशक्तीचे एखादे यंत्र कल्पावे. दोन्ही हात सारखे आहेत की नाहीत, हे ते नेहमीच सांगू शकणार नाही. शंभरपर्यंत मोजणाऱ्या यंत्रापुढे एकशे एक पदांचा हात ठेवला, की ते फसते. त्याला एकावर एक रचलेल्या ताटांसारखी, हवी तेवढी उंच होणारी साठवण द्यावी लागते. कोणत्या रचनेला किती सामर्थ्याचे यंत्र लागते, हा विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या गाभ्याचा प्रश्न होय. कोलमांचेही असे गट पाडता येतात, हे तांबरमच्या निबंधाने दाखविले.

हे काम एकाकी नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नरसिंहन यांनी १९६० च्या दशकातच चित्रांच्या व्याकरणाचा विचार मांडला होता. वनस्पतींच्या वाढीसाठी लिंडेनमायर यांनी १९६८ साली रचलेली नियमपद्धतीही पुढे कोलमांना लावली गेली. कमला कृत्तिवासन यांनी पुढे मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत हा विषय शिकविला. १९९८ साली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने गणित व संगणकशास्त्र यांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही सिद्धान्ताला मानाचे स्थान आहे.

एक प्रश्न वाचकाला घरीही सोडविता येईल. ठिपके आयताकार मांडून, प्रत्येक दोन शेजारी ठिपक्यांच्या मध्ये रेषा स्वतःला वा दुसऱ्या रेषेला छेदील असा साधा कोलम काढला, तर किती बंद रेषा लागतील? ओळींची संख्या आणि प्रत्येक ओळीतील ठिपक्यांची संख्या यांचा महत्तम साधारण विभाजक काढावा. तो काढण्याची युक्लिडची रीत संगणकशास्त्राचा विद्यार्थी अगदी आरंभीच शिकतो. चार ओळींत सहा-सहा ठिपके मांडले तर दोन रेषा लागतात, पाच ओळींत सहा-सहा मांडले तर एकच पुरते.